रिकामं पोर्ट, जागा फाय

गोरेगावच्या एका छोट्या कंपनीचा प्रश्न आहे. त्यांचे डबे मुंबईभर सोसायट्यांच्या पंपरूममध्ये आणि लिफ्टच्या मशीनरूममध्ये बसवलेले आहेत. टाकीची पातळी, पंपाचा करंट, लिफ्टचे फॉल्ट गोळा करायचे आणि दर काही सेकंदांनी पाठवायचे, एवढंच त्यांचं काम. जुन्या डब्यात इंटेलचं चार पोर्टांचं आय-३५० नेटवर्क कार्ड आहे. नव्यात एआरएम प्रोसेसर, बाहेरून जोडलेले फाय, म्हणजे तारेवर सिग्नल टाकणाऱ्या चिपा, आणि चिप विकणाऱ्याने दिलेला ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम. दोन्हींवर लिनक्स. प्रत्येक डब्यात केबल एकाच पोर्टाला, बाकीची रिकामी. वीज गेली की डबा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर चालतो. त्यांना विचारायचंय ते असं: रिकामी पोर्टं उगाच वीज खातात, ती ड्रायव्हरमध्ये बदल करून वाचवता येईल का, आणि किती?

येईल. जुन्या डब्याच्या ड्रायव्हरला तर हातही लावावा लागणार नाही. नव्याच्या लावावा लागेल, आणि तिथे जे एका ओळीचं काम वाटतं ते तुमचा आठवडा खाईल.

'किती'चा हिशेब आधीच करून टाकू, म्हणजे अपेक्षा जागेवर राहतील. समजा डबा १० वॅट घेतो आणि आपण सगळं करून एक वॅट वाचवला. वर्षभर सतत एक वॅट म्हणजे ८.७६ युनिट. युनिटला १२ रुपये धरले तर वर्षाला शंभर-सव्वाशे रुपये. हे ऐकून सोसायटीचा खजिनदार हसेल. पण बॅटरीचं गणित बघा. १२ गुणिले ७ म्हणजे कागदावर ८४ वॅट-अवर. १० वॅटला ८.४ तास, ९ वॅटला ९.३ तास. शिसे-आम्लाची बॅटरी कागदावरचं सगळं कधीच देत नाही आणि मधला कन्व्हर्टर आपला वाटा काढतो, पण प्रमाण साधारण तेच राहतं. जवळजवळ तासभर जास्त. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या, त्या दिवशी पंपरूममधल्या डब्याला तो एक तास किती मोलाचा वाटला असता हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा हे काम बिलासाठी नाही, बॅटरीसाठी करा.

आता मुळाशी जाऊ. डेटा जात नसेल तर कार्ड वीज कशाला खाईल, असं सगळ्यांनाच वाटतं. मलाही वाटायचं. कार्डाचे ढोबळ दोन भाग: फ्रेम बांधणारा-सोडणारा मॅक, आणि तारेवर प्रत्यक्ष सिग्नल टाकणारा फाय. तांब्याच्या केबलवर मोठा खादाड म्हणजे फाय. गिगाबिटमध्ये, म्हणजे १९९९ च्या ८०२.३एबी मानकात, चारही जोड्यांवर दोन्ही दिशांनी एकाच वेळी सिग्नल असतो, प्रत्येक जोडीवर सेकंदाला १२.५ कोटी चिन्हं. आपणच पाठवलेल्या सिग्नलचा प्रतिध्वनी वजा करून समोरच्याचा क्षीण आवाज वेगळा काढायचा, हे फायमधलं डीएसपी, म्हणजे सिग्नलवर गणित करणारं सर्किट, अखंड करत बसतं. आणि पाठवायला डेटा नसला तरी ते थांबत नाही, रिकामी चिन्हं पाठवत राहतं. फोनवर समोरचा बोलत असताना आपण 'हं... हं... हं' करत राहतो, कारण गप्प बसलो तर तो 'हॅलो? हॅलो?' करायला लागतो. गिगाबिटची लिंक रात्रभर तेच 'हं हं' करत असते, आणि वीज त्यालाच लागते.

जुनं १० मेगाबिटचं इथरनेट या बाबतीत शहाणं होतं. बोलायचं नसेल तर साधारण १६ मिलिसेकंदांनी एक टकटक, मध्ये शांतता. वेग वाढवताना आपण ती शांतता घालवली आणि पुढे २०१० मध्ये नवीन मानक काढून परत आणली. त्याकडे नंतर येतो.

रिकामं पोर्ट म्हणजे नेमकं काय, हे ठरवल्याशिवाय मात्र ड्रायव्हरची फाइल उघडू नका. माझ्या मते बहुतेकांची चूक इथेच होते. तीन वेगवेगळ्या गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो. इंटरफेस, म्हणजे लिनक्सला दिसणारं पोर्ट, बंद केलेला आहे, ही एक. इंटरफेस चालू आहे पण केबल नाही, ही दुसरी. केबल आहे, लिंक आहे, फक्त रहदारी नाही, ही तिसरी. पहिल्यात कार्डाला कशाचीच वाट बघायची नसते. दुसऱ्यात केबल लागण्याची वाट बघायची असते. तिसऱ्यात पुढच्या क्षणी पॅकेट येऊ शकतं. झोप किती गाढ असू शकते ते यावर ठरतं. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की रोगी दगावतो.

पहिल्या अवस्थेचं औषध सर्वात स्वस्त आहे. फायच्या शून्य क्रमांकाच्या कंट्रोल रजिस्टरमध्ये (चिपमधल्या सेटिंगच्या खणात) बिट क्रमांक ११ हा पॉवर-डाउनचा. तो लावला की फाय तारेवरचं सगळं बंद करतो, पण एमडीआयओ या फायशी बोलायच्या तारांवरून रजिस्टर वाचायला-लिहायला उत्तर देत राहतो, कारण मानकच तसं सांगतं. त्यामुळे त्याला परत उठवता येतं. ड्रायव्हरच्या स्टॉप फंक्शनमध्ये, म्हणजे इंटरफेस बंद होताना, बिट लावायचा, ओपनमध्ये, म्हणजे चालू होताना, काढायचा, आणि ऑटोनिगोशिएशन, म्हणजे दोन टोकांची वेग ठरवायची बोलणी, पुन्हा सुरू करायचं. संपलं.

तुमच्या आय-३५० चा ड्रायव्हर आयजीबी हे आधीपासून करतो. इंटरफेस खाली, म्हणजे बंद, असताना कार्ड रीसेट झालं की तो फायची वीज काढतो. मग तरीही तुमची तीन पोर्टं जागी का? कारण त्यांना कोणी खाली ठेवलेलंच नाही. नेटवर्क मॅनेजरसारखी मंडळी बूट होताच दिसेल तो इंटरफेस वर आणतात, केबल असो वा नसो. म्हणजे स्टॉप फंक्शन कधी चालतच नाही आणि पहिली अवस्था कधी येतच नाही. उपाय ड्रायव्हरमध्ये नाही, कॉन्फिगरेशनमध्ये आहे: ती तीन पोर्टं नेटवर्क मॅनेजरच्या ताब्यातून काढा आणि खाली ठेवा. तुमच्या डब्यात ती कधीच वापरली जाणार नसतील तर याहून चांगलं काही नाही. जुन्या डब्यांचं नव्वद टक्के काम इथेच संपलं, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

पण नवीन ड्रायव्हरमध्ये हा बिट स्वतः लावणार असाल तर आयजीबी तो आंधळेपणाने लावत नाही, हे बघून ठेवा. व्यवस्थापनाची वाहतूक त्या पोर्टावरून चालू आहे का, आणि फायचा रीसेट अडवून ठेवलेला आहे का, हे तो आधी तपासतो. ही तपासणी का असते हे मी फुकटात शिकलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ग्राहकासाठी मी एक ड्रायव्हर बदलत होतो. स्टॉपमध्ये बिट लावला, टेबलावर झकास चाललं, मीटरचा आकडा खाली आला, मी खूश. मग महापेच्या डेटा सेंटरमधल्या एका सर्व्हरवर लांबूनच ते चढवलं आणि इंटरफेस खाली घेतला. त्या सर्व्हरचा देखरेखीचा कंट्रोलर, म्हणजे बीएमसी, त्याच पोर्टातून बाहेर बोलत होता. मुख्य ऑपरेटिंग सिस्टिमसाठी पोर्ट 'बंद' होतं, पण त्याच तारेवर आणखी एक भाडेकरू राहत होता, आणि मी घराचाच मेन स्विच ओढला. लांबून सर्व्हर चालू-बंद करायचा रस्ताही तोच होता. रात्री दादरहून ठाणं, तिथून ट्रान्स-हार्बरने कोपरखैरणे, पुढे रिक्षा, आणि शेवटी जाऊन कीबोर्ड लावला. तेव्हापासून तो बिट लावण्याआधी मी तीन प्रश्न विचारतो. वेक-ऑन-लॅन, म्हणजे तारेवरून निरोप पाठवून मशीन उठवायची सोय, चालू आहे का? बीएमसी किंवा दुसरं कोणी हे पोर्ट वापरतंय का? हा फाय एकाच चिपमध्ये चार असलेल्यांपैकी आहे का, आणि असेल तर मी बंद करतोय ते फक्त माझंच आहे ना? तुमच्या डब्यात बीएमसी नाही, पण पहिला आणि तिसरा प्रश्न तुम्हालाही लागू आहेत.

दुसरी अवस्था, म्हणजे इंटरफेस वर पण केबल नाही. एखाद्या सोसायटीत तुमचा माणूस लॅपटॉप लावायला येतो म्हणून एक पोर्ट तसं ठेवायचं असेल, तर इथे रनटाइम पॉवर मॅनेजमेंट लागतं. मशीन जागं असताना एकटं कार्ड झोपवायचं. आयजीबीमध्ये तेही आहे. लिंक नाही असं दिसलं की तो पाच सेकंदांनी झोपायचं ठरवतो. रिअलटेकचा आर-८१६९ ड्रायव्हर दहा सेकंद थांबतो. हे थांबणं आळसापोटी नाही. गिगाबिटचं ऑटोनिगोशिएशन पूर्ण व्हायला दोन-तीन सेकंद सहज जातात. लगेच झोपवलंत तर लिंक जुळत असतानाच कार्ड झोपेल, केबल दिसली म्हणून उठेल, पुन्हा लिंक नाही म्हणून झोपेल, आणि हे चक्र चालूच राहील.

मग तुमच्याकडे हे चालत का नाही? कारण लिनक्समध्ये पीसीआय उपकरणांना, म्हणजे तुमच्या आय-३५० सारख्या कार्डांना, ही परवानगी मुळात दिलेली नसते. सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) सेटिंग फाइलींसारखी दाखवणाऱ्या फोल्डरात, त्या उपकरणाच्या 'पॉवर' फोल्डरात 'कंट्रोल' नावाची फाइल आहे. तिच्यात 'ऑन' असतं, ते 'ऑटो' करायचं. यूडेव्हचा, म्हणजे उपकरण दिसताच सेटिंग लावणाऱ्या सेवेचा, एक नियम लिहिला की बूटगणिक आपोआप होईल.

एक बारकावा मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. असं झोपताना आयजीबी वेक-ऑन-लॅनची तुमची सेटिंग बाजूला ठेवतो आणि फक्त 'लिंक बदलली' या एका कारणाने उठायची सोय करतो. केबल लागलेली कळायला फायमध्ये थोडी धुगधुगी हवी, म्हणून या झोपेत फाय पूर्ण बंद होत नाही. म्हणजे पोर्ट 'खाली' ठेवल्यावर जेवढी वीज वाचते तेवढी इथे वाचत नाही. शिवाय चारही पोर्टं एकाच कार्डाची चार फंक्शनं आहेत. पीसीआय एक्सप्रेसची लिंक गाढ झोपायला चारही फंक्शनं झोपलेली लागतात, आणि तुमचं एक कायम जागं. तेव्हा इथून फार आशा धरू नका. केबल नसताना फाय गिगाबिटचं ते जड डीएसपी चालवतही नसतो, अधूनमधून फक्त हाका मारत असतो. मुळात खर्च कमी, त्यातली बचत आणखी कमी.

त्या धुगधुगीची एक गंमत सांगतो, तुमच्या एआरएम डब्यात ती उपयोगी पडेल. बऱ्याच फायमध्ये एनर्जी-डिटेक्टची सोय असते: तारेवर हालचाल नसेल तर झोपायचं, हालचाल दिसली की उठायचं. छान कल्पना आहे. आता अशी दोन उपकरणं समोरासमोर जोडा. दोन्ही झोपलेली, दोन्ही समोरून आवाज यायची वाट बघतायत. आधी तुम्ही, नाही आधी तुम्ही. केबल लागलेली आहे आणि लिंक येतच नाही. टेबलावर हे कधी सापडत नाही, कारण टेबलावर समोर स्विच असतो आणि तो कायम बडबडत असतो. साइटवर कोणी दोन डबे थेट जोडले की तुमचा फोन वाजतो. म्हणून मार्व्हेलसारख्या चिप कंपन्यांनी या सोयीचे दोन प्रकार ठेवले: एकात फाय पूर्ण गप्प, दुसऱ्यात झोपेतसुद्धा साधारण सेकंदाला एक पल्स सोडणारा. लिनक्सच्या ईथटूल या नेटवर्क कार्डाची सेटिंग बघायच्या-बदलायच्या आज्ञेतही हे आहे, आणि पल्स किती वेळाने पाठवायचा किंवा अजिबात पाठवायचा नाही हे तिथे सांगता येतं. थोडी वीज जास्त गेली तरी पल्सवालाच निवडा.

आणखी एक, हे खास आपल्या गावचं. वर्सोवा, माहीम, कुलाबा अशा खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात पंपरूममधल्या आरजे-४५ च्या पिनांवर पावसाळ्यात हिरवट थर चढतो. लिंक तुटते-जुळते, तुटते-जुळते. रनटाइम पॉवर मॅनेजमेंट चालू असेल तर प्रत्येक वेळी कार्ड झोपायला निघतं आणि पुन्हा उठतं. उठताना पूर्ण रीसेट, पुन्हा ऑटोनिगोशिएशन. झोपून वाचवलेल्या विजेपेक्षा उठवण्यात जास्त जाते, आणि लॉगचा कचरा वेगळा. तुमच्या ड्रायव्हरमध्ये ही वेळ पाच सेकंदांवर ठेवू नका. एक मिनिट ठेवा. जे पोर्ट महिनोन्‌महिने रिकामं राहणार ते मिनिटभर उशिरा झोपलं तर बिघडलं कुठे?

तिसरी अवस्था: लिंक आहे, रहदारी नाही. तुमचं वापरातलं पोर्ट दिवसाचा बहुतेक वेळ असंच असतं. दर काही सेकंदांनी काहीशे बाइट, मग शांतता. इथे लोकांना सुचतं की रहदारी नसेल तेव्हा लिंक पाडावी, नाहीतर वेग १०० वर आणावा आणि काम आलं की परत गिगाबिट करावा. करू नका. प्रत्येक बदलाला लिंक तुटते. समोरच्या स्विचवर जुन्या पद्धतीचं स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये वळसे होऊ न देणारी सोय) चालू असेल तर पोर्ट १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवतं. लिफ्टचा फॉल्ट अर्धा मिनिट उशिरा पोचला तर सेक्रेटरीला काय उत्तर देणार? वेग उतरवायची युक्ती मशीन पूर्ण सस्पेंड होताना ठीक आहे. आर-८१६९ तेव्हा वेक-ऑन-लॅनसाठी वेग उतरवतोच. चालू मशीनवर नाही.

या अवस्थेसाठीच २०१० मध्ये ८०२.३एझेड हे मानक आलं: एनर्जी एफिशियंट इथरनेट, थोडक्यात ईईई. लिंक न तोडता दोन्ही बाजू ठरवून गप्प बसतात. मघाच्या फोनच्या भाषेत, 'मी आता गप्प बसतो, फोन ठेवू नकोस.' गिगाबिटवर साधारण २० मिलिसेकंद शांतता, मग सुमारे २०० मायक्रोसेकंद ताळमेळ ठीक राहावा म्हणून थोडा सिग्नल, पुन्हा शांतता. उठायला सुमारे १६.५ मायक्रोसेकंद. पंधराशे बाइटचं पॅकेट गिगाबिटवर पाठवायला १२ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे उठायला पाठवण्यापेक्षा जास्त वेळ. म्हणून पॅकेटांची रांग लागलेली असताना दोन पॅकेटांच्या मधल्या फटीत झोपण्यात अर्थ नाही, आणि म्हणूनच शेवटच्या पॅकेटनंतर किती वेळ थांबून झोपायचं याचा टायमर असतो. तुमच्यासारख्या थेंब-थेंब रहदारीला ईईई अगदी मापाचं शिवलेलं आहे.

अट एकच, समोरच्यालाही ते यायला हवं. ईथटूलला विचारा, समोरच्याने काय जाहीर केलंय तेही तो दाखवतो. सोसायटीत इंटरनेटवाल्याने बसवलेला स्वस्तातला राउटर असेल तर तिथे बहुधा रिकामी ओळ दिसेल. काही स्विचांबरोबर ईईई चालू केलं की लिंक मधूनच पडते, असंही मी पाहिलं आहे. तेव्हा सगळ्या डब्यांवर एकदम चढवू नका. आधी चार-पाच ठिकाणी महिनाभर चालवा आणि लिंक किती वेळा पडली ते मोजा.

ईईई जमत नसेल तर एक अगदी गावठी उपाय आहे, आणि खरं सांगायचं तर तुमच्यासाठी मी तोच आधी करीन. दर काही सेकंदांनी काहीशे बाइट पाठवणाऱ्या डब्याला गिगाबिट कशाला हवं? ते पोर्ट कायमचं १०० मेगाबिटवर ठेवा. १०० वर फक्त दोन जोड्या लागतात, एक जायला, एक यायला. एकाच जोडीवर दोन्ही दिशा नाहीत, त्यामुळे प्रतिध्वनी काढायची ती जड यंत्रणा लागत नाही. दोन्ही टोकांची वीज वाचते, ड्रायव्हरला हात लागत नाही, वेग मध्येच बदलत नाही. फक्त हे करताना ऑटोनिगोशिएशन बंद करू नका. ते चालू ठेवून, जाहीर करायच्या वेगांच्या यादीत १०० फुल डुप्लेक्स (एकाच वेळी जा-ये) एवढंच ठेवा. ऑटोनिगोशिएशन बंद केलंत तर समोरच्याला वेग कळतो पण डुप्लेक्स कळत नाही, तो हाफ, म्हणजे एका वेळी एकच दिशा, धरतो, आणि मग पॅकेटं अधूनमधून गळतात. असा गोंधळ शोधायला लॅमिंग्टन रोडवरून दोनदा केबल बदलून आणलेली माणसं मला माहीत आहेत. केबल बिचारी दोन्ही वेळा चांगली होती.

जुन्या डब्यात आणखी एक जागा बघा. कार्ड स्वतः किती खातं यापेक्षा ते प्रोसेसरला किती जागं ठेवतं हे कधीकधी मोठं निघतं. पीसीआय एक्सप्रेसच्या लिंकला एएसपीएम नावाची झोप असते. एका जरी कार्डाची लिंक त्या झोपेत गेली नाही तरी प्रोसेसरचं अख्खं पॅकेज आपल्या गाढ अवस्थेत जाऊ शकत नाही. चाळीत एका खोलीतला दिवा चालू म्हणून मेन स्विच पाडता येत नाही, तसं. पॉवरटॉप किंवा टर्बोस्टॅट चालवून पॅकेज कोणत्या अवस्थेपर्यंत पोचतंय ते बघा. उथळ अवस्थेतच अडकलं असेल तर एएसपीएम बंद असल्याची शंका घ्या. पण चालू करताना जपून. आर-८१६९ मध्ये ते काही काळ मुद्दाम बंद ठेवलेलं होतं, कारण काही मशीनवर कार्ड मधूनच गोठायचं. लेखकांना वीज वाचवायची नव्हती असं नाही.

आता एआरएमचा डबा. चिपवाल्याच्या ड्रायव्हरमध्ये बहुतेक वेळा स्टॉप फंक्शन रांग थांबवतं, इंटरप्ट बंद करतं आणि परततं. फाय जागाच, मॅकचं क्लॉक, म्हणजे त्याला ठेका देणारा सिग्नल, चालूच. पहिला बदल: तो ड्रायव्हर स्वतःच एमडीआयओ चाळवत असेल तर ते सगळं काढून कर्नलमधल्या फायलिब या फाय सांभाळणाऱ्या तयार कोडकडे द्या. ओपनमध्ये फाय सुरू करा, स्टॉपमध्ये थांबवा. पॉवर-डाउनचा बिट ते स्वतः लावतं, आणि वेक-ऑन-लॅन चालू असेल तर झोपवायला नकार देतं. मी महापेला जाऊन शिकलेला धडा तिथे कोणीतरी आधीच लिहून ठेवलाय.

त्यानंतर तुम्हाला क्लॉक बंद करायचा मोह होईल. बरोबरच आहे, पण इथे दोन खड्डे आहेत. पहिला असा की एमडीआयओची बस बहुतेक चिपांमध्ये मॅकच्या आतच असते. मॅकचं क्लॉक काढलं आणि कोणी फायचं रजिस्टर वाचायला गेलं की वाचन पुरं होत नाही. काही चिपांवर अख्खी बस अडकते आणि डबा दगड होतो. लॉगमध्ये एक ओळही नाही. आणि वाचायला कोण जातं? फायच्या इंटरप्टची तार जोडलेली नसेल तर फायलिब स्वतःच लिंक बघायला सेकंदाला एकदा जातं. म्हणून एमडीआयओच्या वाचन-लेखनाच्या फंक्शनांतच सुरुवातीला मॅकला उठवा, शेवटी सोडा. इंटरप्टची तार बोर्डावर असेल तर ती डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलीत, लिहा, म्हणजे दर सेकंदाचं ते डोकावणंही थांबेल. नसेल तर पुढच्या बोर्डात घाला, एका ट्रॅकचा तर प्रश्न आहे.

दुसरा खड्डा याहून चिवट. अनेक मॅकना येणाऱ्या दिशेचं क्लॉक फायकडून मिळतं. तुम्ही फाय झोपवला, क्लॉक थांबलं. मग ओपनमध्ये मॅकच्या डीएमएला (मेमरीशी डेटाची ने-आण करणाऱ्या भागाला) रीसेट दिलात, आणि तो रीसेट पूर्ण व्हायला नेमकं तेच क्लॉक लागतं. ड्रायव्हर वाट बघत बसतो, शेवटी 'डीएमए रीसेट होत नाही' असा संदेश देऊन हरतो. पहिल्या बूटला सगळं चालतं, कारण तेव्हा फाय जागा असतो; खाली घेऊन पुन्हा वर आणलं की मरतं. आधी फाय उठवा, त्याचं क्लॉक स्थिरावू द्या, मग मॅकला रीसेट द्या. ईईईमध्येही हेच लपलेलं आहे. शांततेच्या काळात क्लॉक थांबवायची मुभा फायला देता येते, आणि ती दिली असेल तर रीसेटच्या वेळी तीच अडचण. तुमच्या मॅकबद्दल खात्री नसेल तोवर ती मुभा देऊ नका.

रनटाइम पॉवर मॅनेजमेंट घालताना प्लॅटफॉर्म उपकरण, म्हणजे तुमच्या मॅकसारखं चिपमध्येच असलेलं, आणि पीसीआय यांत फरक आहे हे ध्यानात ठेवा. पीसीआयमध्ये कर्नल प्रोबच्या, म्हणजे ड्रायव्हर उपकरणाला जोडण्याच्या, आधीच वापराचा आकडा वाढवून ठेवतो आणि ड्रायव्हरने तो प्रोबमध्ये उतरवायचा असतो. प्लॅटफॉर्म उपकरणात सोय मुळात बंदच असते, ड्रायव्हरने ती चालू करायची. इंटेलच्या ड्रायव्हरमधून ओळी उचलून इकडे चिकटवल्यात तर आकडा कुठेतरी चुकतो आणि कार्ड एकतर कधी झोपत नाही, नाहीतर चालू असताना झोपतं.

आणि रिझ्यूम, म्हणजे कार्ड उठवणाऱ्या, फंक्शनमध्ये आरटीएनएल, म्हणजे कर्नलचं नेटवर्क सेटिंगचं, कुलूप मागू नका. ईथटूल ते कुलूप घेऊन आत येतो, कार्ड झोपलेलं बघून उठवतो, तुमचं रिझ्यूम तेच कुलूप मागतं, आणि दोघे एकमेकांची वाट बघत कायमचे बसतात. आयजीबीमध्येही हा घोळ झाला होता, पुढे दुरुस्त झाला. तेव्हा नवशिक्यालाच होतं असं समजू नका.

फायचा रेग्युलेटरच बंद करून शून्यावर आणता येईल का, हेही विचाराल. येईल, पण मग फायची सगळी रजिस्टरं पुसली जातात. आरजीएमआयआयचे (मॅक-फाय जोडणीचे) विलंब, एलईडीची सेटिंग, सगळं उठल्यावर पुन्हा लिहावं लागतं. पॉवर-डाउननंतर उरणारी वीज मोजा आणि मगच या फंदात पडा.

मोजायचं कसं? भिंतीच्या सॉकेटात लावायचा मीटर इथे कामाचा नाही. दहा वॅटच्या आसपास अर्ध्या वॅटचा फरक त्याच्या चुकीतच बुडतो, वर अडॅप्टरची स्वतःची लहर असते. डबा १२ व्होल्टवर चालतो, तर तिथेच मालिकेत मीटर लावा आणि प्रत्येक स्थितीत पंधरा मिनिटांची सरासरी घ्या. आधी आहे तसा. मग तीन पोर्टं खाली ठेवून. मग वापरातलं पोर्ट १०० वर आणून. मग त्याऐवजी गिगाबिट आणि ईईई. एका वेळी एकच बदल, आणि मध्ये डबा त्याच तापमानाला येऊ द्या. मेमध्ये बंद पंपरूममध्ये घेतलेला आकडा आणि एसीच्या ऑफिसातला आकडा एका तक्त्यात ठेवू नका.

एआरएमच्या ड्रायव्हरचं ओपन, स्टॉप आणि एमडीआयओची दोन फंक्शनं, सोबत डिव्हाइस ट्रीमधला इथरनेटचा भाग, एवढं पाठवा. रीसेट आणि क्लॉकचा क्रम त्यातच दिसेल, बाकीच्या फाइली नकोत.